बदली पिचर आणि प्रेक्षकांची वाक्यरचना

क्रीडावर्णनाची भाषा हा विषय भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना आता अपरिचित राहिलेला नाही. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९८३ साली क्रीडा-समालोचकांच्या वाक्यरचनेसंबंधी आपला सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित केला आणि कर्त्याचा व सहाय्यक क्रियापदाचा लोप, उलटा शब्दक्रम, नामामागे रचलेली विशेषणांची रांग, इत्यादी लक्षणांनी ही एक स्वतंत्र प्रयुक्ती ठरते, हे दाखवून दिले. प्रस्तुत लेखाचा विषय या प्रयुक्तीच्या शेजारचा, परंतु तिच्याहून भिन्न असा आहे. समालोचक जे बोलतो ते न पाहणाऱ्यासाठी बोलतो; प्रेक्षक जे बोलतो ते पाहणाऱ्यासाठीच बोलतो. शेजारच्याला जे डोळ्यांनी दिसतच आहे त्याचे वर्णन करण्याचे प्रयोजन त्याला नसते. साहजिकच त्याच्या बोलण्यात वर्णन थोडे, आणि निर्णय, भाकीत व दोषारोप ही अधिक असतात.

अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात प्रेक्षकांच्या या बोलण्याला सर्वांत अधिक वाव मिळतो तो रिलीफ पिचर, म्हणजे बदली पिचर, मैदानात उतरतो तेव्हा. या प्रसंगीच्या भाषेत कर्त्याचे स्थान कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे. यशाच्या वाक्यात बदली पिचर बहुधा अदृश्य राहतो आणि अपयशाच्या वाक्यात तोच एकटा कर्ता होऊन उभा राहतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

१

प्रथम खेळाची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. बेसबॉलचा सामना सामान्यतः नऊ डावांचा असतो व प्रत्येक डावात प्रत्येक संघाचे तीन फलंदाज बाद होईपर्यंत त्या संघाची पाळी चालते. चेंडू टाकणारा तो पिचर. सामन्याचा आरंभ करणारा पिचर थकला अथवा मार खाऊ लागला, की संघाचा मॅनेजर त्याला काढून दुसरा पिचर आणतो. हाच बदली पिचर.

क्रिकेटशी परिचित असलेल्या मराठी वाचकाने येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. क्रिकेटमधील गोलंदाज षटक संपताच क्षेत्ररक्षणास जातो आणि कर्णधाराला वाटल्यास तासाभराने पुन्हा चेंडू हाती घेतो. कर्णधाराचा निर्णय चुकला तरी तो दुरुस्त करता येतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून काढलेला खेळाडू त्या सामन्यात परतू शकत नाही. बदल एकदा केला की झाला. निर्णयाच्या या अपरिवर्तनीयतेमुळेच प्रेक्षकांचे सारे बोलणे त्याच्याभोवती गोळा होते.

दुसरी गोष्ट वेळेची. बदली पिचर जेथे हात मोकळा करतात त्या जागेला बुलपेन, म्हणजे शब्दशः वळू कोंडण्याचे आवार, असे नाव आहे. तेथे कोण उठला, कोण चेंडू टाकू लागला, हे पुष्कळ मैदानांत प्रेक्षकांना दिसते. नंतर मॅनेजर चालत पिचरपाशी जातो, चेंडू मागून घेतो, नवा पिचर धावत येतो आणि सरावाचे काही चेंडू टाकतो. या सर्व अवधीत खेळ थांबलेला असतो. जेथे खेळ थांबतो तेथे बोलणे सुरू होते. आणि खेळ थांबण्याचे कारणच एक माणूस असल्यामुळे बोलण्याचा विषयही तोच होतो.

२

हे बोलणे तीन अवस्थांतून जाते, आणि प्रत्येक अवस्थेचा क्रियापदाचा अर्थ निराळा असतो. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिली अवस्था विध्यर्थाची व आज्ञार्थाची, दुसरी भविष्यकाळाची आणि तिसरी संकेतार्थाची होय.

बुलपेनमध्ये हालचाल दिसू लागताच पहिली अवस्था सुरू होते. ‘याला आता काढावा’, ‘तो डावखुरा आणा’, ‘हा मात्र नको’, अशी ही वाक्ये असतात. आज्ञा ज्याला उद्देशून आहे तो मॅनेजर ती ऐकत नाही, हे बोलणाऱ्यास पुरते ठाऊक असते. मग ही आज्ञा कशासाठी? अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७८ साली उद्गारवाचक बोलण्याविषयी जे दाखविले, ते येथे उपयोगी पडते. एकट्याने उच्चारल्यासारखे दिसणारे उद्गारही वस्तुतः आसपासच्या लोकांसाठीच असतात, त्यांतून बोलणारा आपली भूमिका त्यांच्यापुढे मांडीत असतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. प्रेक्षकाची आज्ञा ही त्याच जातीची. तिने मॅनेजरला काही सांगितले जात नाही. पुढे काही बिघडल्यास ‘मी आधीच म्हटले होते’ असे म्हणण्याचा हक्क मात्र शेजाऱ्यासमक्ष नोंदविला जातो.

पिचर येऊन उभा राहिला की दुसरी अवस्था येते. ‘हा पहिल्याच फलंदाजाला चालवील’, ‘आता होमरन जाणार’, अशी भाकिते ऐकू येतात. यांत एक मौज अशी की, आपल्याच संघाच्या पिचरविषयी केलेली ही भाकिते बहुतांशी अशुभ असतात. अशुभ बोलून ठेवले म्हणजे आशाभंगाचे दुःख अर्धे होते, ही त्यामागची युक्ती आहे. भाकीत खोटे ठरले तर कोणी त्याची आठवण करून देत नाही. खरे ठरले तर ते ज्ञान म्हणून मिरविता येते.

तिसरी अवस्था निकालानंतरची. ‘दुसरा आणला असता तर सामना जिंकलो असतो’ हे तिचे प्रातिनिधिक वाक्य. या अवस्थेचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू. तत्पूर्वी शब्दसंग्रहाकडे वळले पाहिजे.

३

फलंदाजाने होमरन मारला, तर मारण्याची क्रिया फलंदाजाची आहे. परंतु अमेरिकन प्रेक्षकाच्या इंग्रजीत तीच घटना सांगण्याची दुसरी, तितकीच रूढ रीत आहे: पिचरने होमरन ‘दिला’, ‘सोडला’, किंबहुना ‘शरणागती पत्करावी तसा स्वाधीन केला’. घटना एकच, पण या वाक्यात क्रिया करणारा फलंदाज नाहीसा होतो आणि जो क्रियेचा बळी तो कर्त्याच्या जागी येतो. मराठीतही गोलंदाजाने ‘धावा दिल्या’ असे आपण म्हणतोच. तथापि मराठीला दुसरी एक सोय उपलब्ध आहे. ‘त्याने चूक केली’ आणि ‘त्याच्याकडून चूक झाली’ या दोन वाक्यांत घटना तीच असून उत्तरदायित्वाचे प्रमाण निराळे आहे. ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययाने कर्तृत्व राहते, परंतु हेतू वजा होतो. पराभवाच्या क्षणी प्रेक्षक हे वजा करणे सहसा पसंत करीत नाही.

खेळाच्या नोंदींची परिभाषा पाहिली म्हणजे हाच पक्षपात अधिक स्पष्ट होतो. शिकागोचे क्रीडा-पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६० च्या सुमारास ‘सेव्ह’, म्हणजे ‘राखलेला विजय’, ही संज्ञा व तिचे मोजमाप प्रचारात आणले. १९६९ मध्ये ती अधिकृत नोंदीत दाखल झाली. आघाडी राखून सामना संपविणाऱ्या बदली पिचरला, ठरावीक अटी पुऱ्या झाल्यास, ही नोंद मिळते. ज्यांच्या कामाला तोवर नावच नव्हते त्यांना या शब्दाने नाव मिळाले, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या पोटी दुसरी संज्ञा जन्मास आली, ती ‘उडवलेला सेव्ह’. येथे एक विलक्षण विषमता आहे. सातव्या डावात आघाडी असताना आलेल्या पिचरने बरोबरी होऊ दिली, तर त्याच्या नावावर उडवलेला सेव्ह लागतो. त्याने आघाडी राखली असती, तरी सामना शेवटपर्यंत नेणारा दुसराच असल्यामुळे सेव्ह त्याला मिळालाच नसता. जे मिळण्याचा संभवच नव्हता ते गमावल्याचा दोष मात्र त्याच्या माथी येतो. ही उणीव भरून काढण्यासाठी जॉन ड्यूअन व माइक ओडॉनेल यांनी १९८६ मध्ये ‘होल्ड’ ही नवी संज्ञा योजली; पण प्रेक्षकांच्या तोंडी ती ‘उडवलेला’ या शब्दाइतकी कधीच रुळली नाही.

उलट बाजूने पाहता, अधिकृत नोंद काही वेळा प्रेक्षकाहून दयाळू असते. आधीच्या पिचरने तळांवर ठेवून गेलेले धावपटू बदली पिचरच्या वेळी घरी पोचले, तर त्या धावा नोंदवहीत आधीच्या पिचरच्या नावावर पडतात. प्रेक्षकाच्या वाक्यात मात्र त्या ‘याने’ दिलेल्या असतात. कारण प्रेक्षकाने चेंडू जाताना ज्याला पाहिले तोच त्याच्या दृष्टीने कर्ता.

शब्दाचा दृष्टिकोन कसा पालटतो याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘वॉक-ऑफ’ हे आहे. यजमान संघाने शेवटच्या डावात मारलेल्या ज्या फटक्याने सामना तत्क्षणी संपतो, त्याला आज हे विशेषण लावतात व त्यात फलंदाजाचा जयजयकार असतो. हा शब्द ओकलंडचा बदली पिचर डेनिस एकर्स्ली याच्या बोलीतून १९८८ मध्ये छापील इंग्रजीत आला, आणि त्याच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होता: असा फटका बसल्यावर मान खाली घालून मैदानातून चालत जातो तो पिचर. शब्द हरणाऱ्याच्या पावलांवरून घडला होता. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला, लॉस एंजेलिस येथे, वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात, दोन फलंदाज बाद व एका धावेची आघाडी असताना, पायांच्या दुखापतीने धड धावूही न शकणाऱ्या कर्क गिब्सनने एकर्स्लीलाच असा होमरन मारला आणि ओकलंड ५–४ असे हरले. पुढे शब्द उरला. चालत जाणारा मनुष्य त्याच्या अर्थातून निघून गेला. आज तो उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात पिचर येतो.

४

आता संकेतार्थाकडे येऊ. दोन सामने शेजारी ठेवल्यास मुद्दा स्पष्ट होतो. १६ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात बॉस्टन आठव्या डावात ५–२ असे पुढे होते. मॅनेजर ग्रेडी लिटल याने थकलेल्या पेड्रो मार्टिनेझला काढले नाही. यांकीजनी बरोबरी साधली आणि अकराव्या डावात ॲरन बून याच्या होमरनने सामना जिंकला. बॉस्टनच्या प्रेक्षकांचे वाक्य होते: ‘त्याला काढायला हवे होते.’ त्याच महिन्यात लिटलची नोकरी गेली.

२७ ऑक्टोबर २०२० रोजी वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बे १–० असे पुढे होते. मॅनेजर केव्हिन कॅश याने उत्कृष्ट चेंडू टाकीत असलेल्या ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंनंतर काढले व निक अँडरसनला आणले. थोड्याच वेळात दोन धावा गेल्या आणि लॉस एंजेलिसने सामना ३–१ असा व त्यासह विजेतेपद जिंकले. या वेळी वाक्य होते: ‘त्याला काढायला नको होते.’

वाक्यरचना एकच आहे. बदलला आहे तो केवळ नकार. दोन्ही वेळी बोलणाऱ्याचा निश्चय सारखाच दृढ होता. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, निकाल कळल्यानंतर तो आधीपासूनच संभाव्य वाटत होता असे मनुष्याला वाटू लागते. हा मनोव्यापार भाषेत उतरण्याचे द्वार म्हणजे संकेतार्थ. ‘आणला असता तर जिंकलो असतो’ या वाक्याच्या पूर्वार्धातील घटना घडलेलीच नसल्यामुळे उत्तरार्ध खोटा पाडण्याचा मार्ग कोणाजवळच नसतो. जे वाक्य खोटे पाडता येत नाही ते हळूहळू खरे वाटू लागते.

याचा अर्थ प्रेक्षकांची टीका सर्वदा पोकळच असते असा नव्हे. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी टोरांटो येथे बाल्टिमोरचा मॅनेजर बक शोवॉल्टर याने, बरोबरीच्या सामन्यात, आपला सर्वोत्तम बदली पिचर झॅक ब्रिटन याला बुलपेनमध्येच बसवून ठेवले. त्या हंगामात ब्रिटनने सेव्हच्या ४७ संधींपैकी ४७ साधल्या होत्या. अकराव्या डावात दुसऱ्याच पिचरच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासिओनने तीन धावांचा होमरन मारला आणि बाल्टिमोरचा हंगाम संपला. पाहुण्या संघाने आपला शेवटचा पिचर आघाडी मिळेपर्यंत, म्हणजेच सेव्ह मिळण्याजोगी स्थिती येईपर्यंत, राखून ठेवावा असा प्रघात पडला होता. एका संज्ञेने निर्माण केलेला हा प्रघात होता, आणि येथील आक्षेप निकाल लागण्याच्या आधीच, प्रत्येक डावागणिक, घेतला जात होता. आक्षेप केव्हा उच्चारला गेला, हे पाहिल्यावाचून त्याचे मोल ठरविता येत नाही.

५

सर्वनामांचाही विचार करावयास हवा. रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्यांचे वर्णन दूरध्वनीवरून करावयास सांगितले होते. जिंकलेल्या सामन्याच्या वर्णनात ‘आम्ही’ हे सर्वनाम हरलेल्या सामन्यापेक्षा अधिक आढळले. बेसबॉलच्या प्रेक्षकांत या प्रवृत्तीला बदली पिचर ही आयतीच सोय मिळते. विजयात ‘आम्ही’ जिंकतो. पराभवात ‘ते’ हरले असे म्हणण्याइतका दुरावाही कित्येकदा आवश्यक वाटत नाही, कारण ‘त्याने’ हरविले असे म्हणता येते. ‘आम्ही’ अभंग राहतो. त्यातून फक्त एक मनुष्य वजा होतो.

मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे, व आपले क्रिकेटचे प्रेक्षक विजयानंतर बहुधा ‘आपण जिंकलो’ असे ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारे रूप वापरतात. पराभवानंतर हे ‘आपण’ कोठे जाते, हा प्रश्न आपल्याकडील विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष नोंदी करून तपासण्याजोगा आहे.

६

हा सारा विचार केवळ व्याकरणाचा कुतूहलविषय नव्हे. १२ ऑक्टोबर १९८६ रोजी अनाहाइम येथे कॅलिफोर्निया एंजल्स हा संघ वर्ल्ड सिरीजपासून एका चेंडूवर येऊन ठेपला होता. डॉनी मूर याच्या चेंडूवर बॉस्टनच्या डेव्ह हेंडरसनने होमरन मारला. ‘मूरने विजेतेपद घालविले’ हे वाक्य त्या दिवसापासून रूढ झाले. या वाक्यात न मावणाऱ्या गोष्टी अशा: त्याच डावात एंजल्सनी पुन्हा बरोबरी साधली होती, सामना अकराव्या डावापर्यंत चालला, आणि त्यानंतरचे आणखी दोन सामने एंजल्स हरले, तेव्हा कोठे मालिका गेली. मूरची मैदानावर सतत हुर्यो होत राहिली. जुलै १९८९ मध्ये पत्नीवर गोळ्या झाडून त्याने आत्महत्या केली, पत्नी बचावली. अशा कृत्याला एकच कारण देणे हे पुन्हा त्याच सदोष वाक्यरचनेच्या आहारी जाणे होय. दुखापती, संपलेली कारकीर्द व कौटुंबिक कलह हे सर्व तेथे होते. परंतु तीन वर्षे एक मनुष्य एका वाक्याचा कर्ता होऊन राहिला होता, एवढे निश्चित.

१९९३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये चौथा सामना गमावल्यानंतर फिलाडेल्फियाच्या मिच विल्यम्सला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. सहाव्या सामन्यात जो कार्टरच्या होमरनने त्याच्याच चेंडूवर मालिका संपली. मे २०२५ मध्ये बॉस्टनचा बदली पिचर लिअम हेंड्रिक्स याने आपल्याला व आपल्या पत्नीला आलेल्या धमक्यांविषयी जाहीरपणे सांगितले. २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर अमेरिकेत अनेक राज्यांनी क्रीडा-पैजा कायदेशीर केल्या. त्यामुळे ‘त्याने हरविले’ या वाक्याला आता ‘त्याने माझे पैसे घालविले’ असा दुसरा अर्थही येऊन चिकटला आहे.

तरीही याच भाषेत क्षमेची शक्यता आहे, हेही नमूद केले पाहिजे. यांकीजचा मारियानो रिव्हेरा २०१३ मध्ये ६५२ सेव्ह नोंदवून निवृत्त झाला आणि २०१९ मध्ये एकही मत विरोधात न जाता बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात निवडला गेलेला पहिला खेळाडू ठरला. ऑक्टोबर २००४ मध्ये बॉस्टनविरुद्ध त्याच्या हातून आघाडी निसटली व तेथून मालिका फिरली. ११ एप्रिल २००५ रोजी बॉस्टनच्या मैदानावर खेळाडूंची ओळख करून देताना त्याचे नाव पुकारले गेले, तेव्हा प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. ही टाळी उपरोधाची होती, आणि उपरोध ओळखून रिव्हेराने हसत टोपी उंचावली. सर्वोत्तम पिचरच्याही वाट्याला अपयश येते, हे त्या क्षणी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मान्य केले. ज्या उपरोधात ऐकणाऱ्याला उत्तर देण्यास जागा असते, तो दोषारोपाहून निराळा भाषाव्यवहार होय.

एकंदरीत पाहता, बदली पिचर हा बेसबॉलमधील असा कामगार आहे की ज्याला दुसऱ्याने मांडलेल्या स्थितीत उभे राहून, दुसऱ्याच्या निर्णयाचे फळ भोगावे लागते. फलंदाजाचे कौशल्य, मॅनेजरचा हिशेब, आधीच्या पिचरने सोडलेले धावपटू आणि निव्वळ योगायोग, इतक्या सर्व कारकांनी मिळून जी घटना घडते ती प्रेक्षक एका कर्त्याच्या वाक्यात सांगतो. वाक्याला कर्ता लागतो, ही भाषेची गरज आहे. तो एकच असावा, ही नव्हे.